फायबर नेट एकदम मस्त, पण बसवताना स्वयंपाकघरावरच्या सिमेंट पत्र्याला भोक पाडलं त्याबद्दल

नेट चांगलं आहे, ते आधीच सांगून टाकते. एप्रिलमध्ये कनेक्शन घेतलं, १०० एमबीपीएसचा प्लॅन, आणि अख्ख्या पावसाळ्यात फक्त दोनदा बंद पडलं, त्यातलं एकदा तर माडाची झावळ केबलवर पडली होती म्हणून. माझ्या ऑफिसच्या मीटिंगा चालू असताना मुलगी वरच्या खोलीत क्लास बघते, सासूबाई खाली टीव्हीवर कीर्तन लावतात, कुठंही अडकत नाही. त्यामुळे स्पीड बघायला आलेल्यांनी बिनधास्त घ्या, माझी काही तक्रार नाही. बाकीचं सगळं आहे ते बसवायच्या पद्धतीबद्दल, आणि ते मला जरा सविस्तर लिहायचंय कारण गोव्यातल्या आमच्या डिचोली तालुक्यात आता घराघरात फायबर येतंय आणि निम्म्या घरांच्या मागच्या बाजूला आमच्यासारखेच जुने सिमेंटचे पत्रे आहेत, ज्यांना भोक पाडलं की ॲस्बेस्टॉसची घातक धूळ उडते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, शेजारच्या गावात दुसऱ्या कंपनीची माणसंही असंच करताना मी स्वतः बघितलीत, म्हणजे हा एका कंपनीपुरता विषय नाही.

नेटची आम्हाला किती गरज होती ते कळावं म्हणून सांगते. २०२० मध्ये शाळा मोबाईलवर सुरू झाल्या तेव्हा आमच्या गावात रेंजच नव्हती, मुलगी तेव्हा पाचवीत, रोज सकाळी नवरा तिला घेऊन डोंगराच्या चढावर जायचा, छत्री धरून उभा राहायचा आणि ती दगडावर बसून गणित शिकायची. सत्तरी आणि सांगे तालुक्यांत तर याहून वाईट हाल होते मुलांचे. सरकारची भारतनेट योजना २०११ पासूनची, तेव्हा तिचं नाव वेगळं होतं, देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं असं ठरलेलं, आणि २०२३ मध्ये तिच्या पुढच्या टप्प्याला १ लाख ३९ हजार कोटी मंजूर झाले. आता सरकारी काय, खाजगी काय, केबल शेवटी येते ती कोणाच्यातरी घरात, आणि घरात येताना तिला कुठून तरी भोक लागतंच. ते भोक कुठं आणि कसं पाडायचं हे मात्र कुणी बसून ठरवलेलं मला अजून दिसलं नाही.

आमचं घर जुनं, पुढचा भाग चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, आणि वर मंगळुरी कौलं. मागचं स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि लाकडं ठेवायची पडवी मात्र सासऱ्यांनी १९८८ साली वाढवली, आधी तिथंही कौलंच घालायची होती पण माकडांनी नुसता उच्छाद मांडलेला, आठवड्याला दहा-बारा कौलं फुटायची, पावसात भांडी मांडून ठेवावी लागायची, म्हणून शेवटी सिमेंटचे पत्रे घातले. गावात तेव्हा सगळ्यांनीच घातले. स्वस्त, टिकाऊ, गंजत नाहीत, माकडं नाचली तरी फुटत नाहीत. त्याला आम्ही सिमेंट पत्रा म्हणतो, दुकानदार एसी शीट म्हणतो, त्यात एसी म्हणजे ॲस्बेस्टॉस सिमेंट हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळलं. म्हणजे त्या पत्र्यात साधारण ८ ते १० टक्के पांढरा ॲस्बेस्टॉस असतो, दगडातूनच निघणारा बारीक तंतू, सिमेंटला ताकद यावी म्हणून मिसळलेला.

आता त्या दिवशीचं. दोन मुलगे आले स्कूटरवर, एक शिडी, केबलची गुंडाळी आणि ड्रिल मशीन. विजेचा खांब आमच्या मागच्या बाजूला आहे त्यामुळे केबल मागूनच येणार हे उघड होतं. मी पुढच्या खोलीत कॉलवर होते. पाच मिनिटांत मागून ड्रिलचा आवाज आला, मला वाटलं भिंतीला पाडतायत, पण आवाज वरून येत होता, धावत गेले तर एक मुलगा पत्र्यावर चढलेला, पायाखाली फळी नाही काही नाही, आणि वरून सरळ पत्र्यातून हॅमर ड्रिल खाली घातलेलं. खाली ओट्यावर पेजेचं भांडं उघडं. वरून करडी भुकटी पडतेय, पेजेत, ओट्यावर, चटणीच्या पाट्यावर, आणि पंखा फुल्ल चालू. दुसरा मुलगा खाली उभा राहून तोंड वर करून बघतोय, भोक आरपार आलं की केबल ओढायला. मी ओरडले तर म्हणाला, "दीदी, हो गया, बस पाँच मिनट." आणि कोपऱ्यातला झाडू घेऊन झाडायलाच लागला. खरं तर झाडणं हे त्यातलं सगळ्यात वाईट काम, पण त्याला बिचाऱ्याला काय माहीत, घरात कचरा केला तर झाडून द्यावा एवढंच त्याला कुणीतरी चांगलं शिकवलेलं.

मी लगेच मावसभावाला फोन लावला. दादा सिडनीला असतो, गेली बारा-तेरा वर्षं तिथं टेलिफोन-फायबरच्या कंत्राटदाराकडे साइटवर काम करतो, आणि सुट्टीला आला की आमच्या पत्र्याकडे बघून दरवेळी काहीतरी बोलायचा, आम्ही हसून सोडून द्यायचो. त्यानं फोनवर पहिलं वाक्य काय म्हटलं असेल, "पंखा बंद कर आणि त्याच्या हातातला झाडू काढून घे." मग सांगितलं की सगळ्यांना बाहेर काढ, बराच वेळ कुणी आत जाऊ नका, धूळ खाली बसू दे. नंतर स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घालून हलकं शिंपड, धार मारू नको, ओल्या फडक्यानं पुसून घे, एकदा पुसलेली बाजू परत वापरायची नाही, फडकी धुवायची नाहीत, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी परत दुसऱ्या पिशवीत घाल आणि तोंड टेपनं बंद कर. घरातला व्हॅक्यूम क्लीनर चुकूनही लावू नकोस, त्याच्या फिल्टरमधून हे तंतू सरळ बाहेर येतात आणि अख्ख्या घरात पसरतात. पेज टाकून दिली, पाटा ओल्यानंच नीट पुसून मग धुतला. नवऱ्यानं एन९५ लावून सगळं पुसलं, कोविडमधले उरलेले होते, दादा म्हणाला याहून चांगला मास्क लागतो खरं पण रुमालापेक्षा हजार पटीनं बरा, फक्त कडेनं हवा शिरता कामा नये, दाढी असेल तर तो नीट बसतच नाही.

कुणी घाबरून जाऊ नये म्हणून हेही लिहिते. एकदा धूळ उडाली म्हणून लगेच काही होत नाही, आणि पत्रा डोक्यावर आहे म्हणून रातोरात घर सोडून पळायची गरज नाही. पत्रा अख्खा असेल, त्याला कुणी हात लावत नसेल तर तंतू सिमेंटमध्ये बऱ्यापैकी धरलेले राहतात. कापला, भोक पाडलं, घासला, फोडला की सुटतात. ते केसापेक्षा कितीतरी पट बारीक, डोळ्याला दिसत नाहीत, वास नाही, खोकलाही येत नाही. फुप्फुसात खोल जाऊन बसतात आणि शरीराला ते बाहेर टाकता येत नाहीत. ॲस्बेस्टोसिस म्हणजे फुप्फुसांत व्रण पडून श्वास कोंडणं, फुप्फुसाचा कॅन्सर, आणि मेसोथेलिओमा म्हणजे फुप्फुसावरच्या आवरणाचा कॅन्सर, हे आजार बहुतेक वेळा २० ते ४० वर्षांनी वर येतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कॅन्सर करतात, पांढराही त्यात आला. जितक्या वेळा, जितकी धूळ, तितका धोका वाढत जातो. म्हणजे आमच्या घरात एका दुपारी जे झालं त्यापेक्षा तो मुलगा जे रोज चार-पाच घरांत करतो ते फार भयंकर आहे.

धूळ म्हणजे काय हे डिचोलीतल्या माणसाला सांगायला लागत नाही. माझे बाबा लोहखनिजाच्या खाणीवर होते, मायनिंगचे ट्रक दारावरून जायचे तेव्हा तुळस लाल, कपडे लाल, भाताची खाचरं लाल, आई दिवसातून तीनदा ओसरी पुसायची. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा पोटापाण्याचं टेन्शन आलं ते वेगळं पण आई म्हणाली होती की निदान दोरीवर पांढरं लुगडं वाळत घालता येईल. ती धूळ निदान दिसायची, दार लावून घेता यायचं. ह्या पत्र्याच्या धुळीचं तसं नाही, आणि दिसत नाही म्हणून तिला कुणी धूळच समजत नाही.

दादाकडून ऑस्ट्रेलियाची जी गोष्ट कळली ती आपल्याकडच्या प्रत्येक फायबरवाल्यानं ऐकायला हवी. तिथं सरकारनं २००९ मध्ये देशभर ब्रॉडबँड न्यायची योजना जाहीर केली, एनबीएन म्हणतात तिला. नवी खोदाई कमी लागावी म्हणून टेल्स्ट्रा ह्या जुन्या टेलिफोन कंपनीचेच फुटपाथखालचे पाइप आणि चेंबर भाड्यानं घ्यायचं ठरलं, त्या चेंबरला तिथं पिट म्हणतात. आता ते जुने पिट बरेचसे ॲस्बेस्टॉस सिमेंटचे, आपला पत्रा ज्याचा त्याच मालाचे, आणि फायबर बसवायला ते दुरुस्त करायला लागत होते, काही ठिकाणी फोडून नवे बसवायला लागत होते. काम टेल्स्ट्रानं कंत्राटदारांना दिलं, त्यांनी उपकंत्राटदारांना, त्यांनी आणखी खाली कुणालातरी. २०१३ च्या मे महिन्यात सिडनीच्या पश्चिमेला पेनरिथमध्ये लोकांच्या घरासमोर हे पिट नीट काळजी न घेता फोडले जातायत हे उघडकीला आलं. मग देशभर बोंब झाली, टेल्स्ट्राला पिटचं काम सगळीकडेच थांबवावं लागलं. मंत्र्यांनी कंपन्यांना, युनियनला, आजाराच्या पीडितांच्या संघटनांना एकत्र बसवलं. कामगारांना परत ट्रेनिंग, तपासणी करणारी माणसं, आणि मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट म्हणजे ज्यांचा ॲस्बेस्टॉसशी संपर्क आला असेल त्यांच्या नावांची देशपातळीवर नोंद, म्हणजे तीस वर्षांनी त्या माणसाला खोकला लागला तर तो कुठं, कधी, कशात काम करत होता ते कागदावर असेल. त्याच वर्षी जुलैत फक्त ॲस्बेस्टॉससाठी एक वेगळी सरकारी एजन्सी सुरू झाली.

आणि लक्षात घ्या, तिथं २००३ च्या शेवटापासून ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे, तरीही असं झालं, कारण बंदी नवीन मालावर असते, आधी बसवलेला माल जमिनीत आणि छपरावर तसाच असतो. दादा म्हणतो, आता कुठलाही पिट उघडायच्या आधी तो कसला आहे ते बघायचं, माहीत नसेल तर ॲस्बेस्टॉसचाच आहे असं धरून चालायचं, ट्रेनिंगचं कार्ड नसेल तर हात लावायचा नाही, शंका आली तर काम तिथंच थांबवायचं आणि थांबवणाऱ्याला कुणी बोलायचं नाही. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटलं. आपल्याकडे काम थांबवणाऱ्या मुलाचं त्या दिवसाचं कनेक्शन जातं, म्हणजे पैसेच जातात.

आपल्याकडे तर बंदीच नाही. ॲस्बेस्टॉसच्या खाणींचे परवाने देणं आणि वाढवणं कधीच बंद केलंय, पण माल बाहेरून येतो, रशियातून वगैरे, आणि पत्रे आजही हार्डवेअरच्या दुकानात राजरोस मिळतात. दुकानात मिळणारी वस्तू धोक्याची कशी असेल असं माणसाला वाटणारच, त्या मुलाला मी काय दोष देऊ. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिलाय की ॲस्बेस्टॉसच्या कामगाराच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं, किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यातलं जे नंतरचं असेल तोपर्यंत ठेवायची. चांगला निकाल आहे, पण तो वाचताना डोळ्यासमोर येतो तो कारखान्यातला कामगार. फायबरवाला मुलगा कुठल्या कारखान्यातला, त्याला कनेक्शनमागे पैसे, आज डिचोलीत, उद्या म्हापशात, पुढच्या वर्षी दुसऱ्याच राज्यात. त्याचं नाव कोण लिहून ठेवणार?

आता तक्रारीचं. कॉल सेंटरला फोन केला तर आधी अर्धा तास मोडेम बंद करून चालू करा, मी म्हटलं मोडेमचा विषय नाही हो, छपराचा विषय आहे, त्या मुलीला काही कळेना, तिनं तिकीट टाकलं आणि संध्याकाळी मेसेज आला की इन्स्टॉलेशन पूर्ण झालं, तिकीट बंद. दुसऱ्या दिवशी परत तेच. याला मी शून्य मार्क देते, अगदी शून्य, कारण त्यांच्या यादीत "केबलचं काम करताना सुरक्षेचा प्रश्न" असा पर्यायच नाही, स्पीड, बिल, राउटर, एवढंच. तिसऱ्या दिवशी गावातल्या एका ओळखीच्यातून इथल्या सुपरवायझरचा नंबर मिळाला आणि इथून पुढं गोष्ट बदलली.

तो माणूस स्वतः आला. मला वाटलं होतं वाद घालेल, पण शांतपणे ऐकून घेतलं, पत्रा बघितला, म्हणाला, बाई, आमच्या घरावर पण हेच आहेत. मग दादाला व्हिडिओ कॉल लावला आणि दोघं पाऊण तास बोलत बसले, एक मराठीत आणि एक अर्धं इंग्लिशमध्ये. दोन दिवसांनी तो एका जुन्या लाइनमनला घेऊन आला आणि त्यांनी जे केलं ते मी नीट लिहिते, कारण असं व्हायला पाहिजे.

सगळ्यात आधी खांबापासून घरापर्यंत चालत जाऊन रस्ता बघितला, पत्र्याला हातच लावायचा नाही असं ठरवून. पत्र्याच्या खाली वाशाच्या टोकाला लाकडी पट्टी आहे, केबल तिच्या कडेनं न्यायची, मग पुढच्या जुन्या भागाकडे वळवायची आणि चिऱ्याच्या भिंतीतून आत घ्यायची. सात-आठ मीटर केबल जास्त लागली, बस. चिरा ड्रिलला लोण्यासारखा, भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडलं म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही, आणि बाहेर केबलला खाली एक वळसा सोडला म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल. गोव्याचा पाऊस तीन हजार मिलिमीटर, ह्या दोन गोष्टी न केलेल्या घरात भिंतीला ओल येतेच. नंतर केबलमधला सिग्नल मोजायचं पॉवर मीटर लावून बघितलं तर उणे २१ आलं, म्हणजे सिग्नल चांगला, जास्तीच्या केबलनं काहीही बिघडलं नाही. पहिल्या दिवशी पत्र्यातून भोक पाडून काय वाचलं होतं ते सांगा, सात मीटर केबल आणि वीस मिनिटं.

जुन्या भोकाचं काम जास्त नाजूक होतं. ओट्यावर आणि खाली प्लॅस्टिक अंथरलं, पंखा बंद, खिडकी-दार बंद, घरातले सगळे पुढच्या अंगणात. भोकाच्या दोन्ही बाजूंनी पाणी शिंपडून ओलं केलं आणि खालून नवऱ्याच्या दाढीच्या फोमचा मोठा गोळा लावला, मला आधी कळेना हे काय चाललंय, पण दादानं सांगितलेलं, फेसात बारीक भुकटी अडकून राहते, हवेत उडत नाही, परदेशात छोट्या भोकांसाठी ही रीत आहे. केबल हळू ओढली, ओढताना ओल्या फडक्यानं पुसत, तेवढा तुकडा कापून पिशवीत. भोक सीलंटनं बंद, कुठंही कानस किंवा पॉलिश पेपर मारला नाही. वर जो चढला तो शिडीवरच उभा राहून हात पोचेल तेवढंच, पत्र्यावर पाय दिला नाही. हे जुने पत्रे ठिसूळ होतात, वर शेवाळ असतं, आणि पत्रा मोडून माणूस खाली पडतो, त्यासाठी तर २० वर्षं थांबायलाही लागत नाही. शेवटी प्लॅस्टिक आतल्या बाजूला दुमडत गोळा केलं, फडकी, हातमोजे, मास्क, सगळं दोन पिशव्यांत. अख्खं काम सव्वा तास.

त्या दिवशी सुपरवायझरला मी चहा-भजी देताना विचारलं की पहिल्या दोन मुलांना काही बोललात का. म्हणाला, ओरडलो नाही, सांगितलं. त्यातला एक, जो वर चढला होता, तो एकोणीस वर्षांचा, झारखंडचा. नंतर तोच आमच्या शेजारच्या काकींकडे कनेक्शन द्यायला आला होता तेव्हा कुंपणावरून मला हाक मारली, "दीदी, इनका भी वही वाला है क्या?" मी म्हटलं हो, तेच आहेत. त्यानं केबल भिंतीतून घेतली. मग मला विचारलं की आजपर्यंत पाडलेल्या भोकांचं काय, म्हणजे जे आत गेलं ते बाहेर निघतं का. मला खोटं बोलता येईना. मी सांगितलं की गेलेलं निघत नाही, पण यापुढं जाऊ द्यायचं नाही, आणि बिडी पहिली सोड, कारण ॲस्बेस्टॉस आणि तंबाखूचा धूर मिळून फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका फार वाढतो. तो मान हलवून गेला. त्यानंतर मला दोन रात्री झोप लागली नाही, माझी मुलगी आणखी काही वर्षांनी त्याच्याच वयाची होईल.

कनेक्शन घेणार असाल तर एवढं करा, माणसं यायच्या आधीच फोनवर सांगा की मागे सिमेंट पत्रा आहे, केबल भिंतीतून घ्यायची. केबलचे जास्तीचे पैसे मागितले तर द्या. पत्रा कसला आहे ते नुसतं बघून कुणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही, नवीन काही पत्रे ॲस्बेस्टॉसशिवायचे मिळतात, पक्कं कळतं ते लॅबमध्येच, पण जुना असेल आणि माहीत नसेल तर आहेच असं धरा. डिश अँटेनावाला, सोलरवाला, सीसीटीव्हीवाला, सगळ्यांना तेच सांगा, हेच पत्रे सगळ्यांना सोपे वाटतात. आणि अजून एक, आपल्याकडे मे महिन्यात पावसाच्या आधी पंपानं प्रेशर मारून पत्र्यावरचं शेवाळ काढायची पद्धत पडलीय, आम्हीही दोन वर्षं काढलं, ते करू नका. प्रेशरनं वरचं सिमेंट निघतं आणि तंतू पाण्याबरोबर अंगणात, विहिरीच्या कडेला, परसात जातात, पाणी वाळलं की परत धूळ.

कंपन्यांकडून मला फार मोठं काही नकोय. कनेक्शनच्या फॉर्मवर नाव-पत्ता-प्लॅन लिहितात तिथंच एक ओळ, छप्पर कसलं आहे. सिमेंट पत्रा असेल तर त्याला भोक नाही, आणि जास्तीच्या केबलचा आणि वेळाचा पैसा मुलाच्या मजुरीतून कापायचा नाही. दिवसाला किती कनेक्शन केली त्यावर पैसे दिले की मुलगा जवळचा रस्ता घेणारच, आणि जवळचा रस्ता बहुतेक वेळा पत्र्यातूनच जातो. रस्ता खोदायच्या आधी खाली कुठल्या लाइनी आहेत ते विचारायचं ॲप सरकारनं २०२३ मध्ये काढलं, म्हणजे दुसऱ्याची केबल तुटू नये याची काळजी घेता येते, मग खोदणाऱ्या माणसाचीही घेता येईल. जुन्या नळाच्या लाइनींमध्येही ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पाइप देशात भरपूर घातले गेलेत, ते खोदताना कापले जातात तेव्हा खड्ड्यात उभा असलेला माणूस कोण असतो, तोच एकोणीस वर्षांचा. गोव्यात १९१ पंचायती, प्रत्येक पंचायतीत केबल टाकायची परवानगी मागायला कोणीतरी येतंच, तेव्हाच ही अट घालता येईल. आमच्या पंचांना मी लेखी दिलंय, ग्रामसभेत पण बोलले, पोचपावती घेतलीय.

मार्क द्यायचे तर नेटला ५ पैकी साडेचार. पहिल्या दिवशीच्या बसवण्याला १, तोही मुलं बोलायला चांगली होती म्हणून. कॉल सेंटरला शून्य. सुपरवायझर आणि त्या लाइनमनला पूर्ण ५, अशी माणसं खूप कमी भेटतात. बिल वेळेवर येतं, जास्तीचं काही लावत नाहीत, ते ठीक.

एक गोष्ट मात्र अजून तशीच राहिलीय. त्या दोन दिवसांच्या पिशव्या, एकूण चार, टेप लावून, वर मार्करनं मोठ्या अक्षरात लिहून, लाकडांच्या पडवीत ड्रममध्ये ठेवल्यात. पंचायतीच्या कचऱ्याच्या गाडीत टाकायच्या नाहीत, कारण तिथं बायका हातानं कचरा वेगळा करतात, त्या पिशवी फोडून बघणार. पिसुर्ल्याला घातक कचऱ्याचा प्रकल्प आहे पण तिथं कारखान्यांचा माल जातो, घरातल्या चार पिशव्या कशा द्यायच्या ते अजून कुणी सांगितलं नाही. सुपरवायझर म्हणतो विचारून सांगतो. पंचायत म्हणते अर्ज करा, तोही केलाय. कुणाला डिचोली-सत्तरीत याची नीट सोय करून मिळाली असेल तर कळवा, तोपर्यंत ड्रमला झाकण लावून वर दगड ठेवलाय आणि सासूबाईंना सांगितलंय की पावसात ओली झाली तर होऊ देत, पण त्याला हात लावायचा नाही.